गजाननचा बंद चहा

माझं शेवटचं पोस्टिंग डोंगरावरच्या पोस्टवर होतं. आम्ही अकरा जण. मी हवालदार, तेल्हाऱ्याचा, लंगरचा कुक. साडेपाचला चहा, सातला नाश्ता. अकरा जणांना एकच जेवण, तेही घड्याळाच्या काट्यावर, याचा मला भारी अभिमान.

शेंदूरजनाघाटच्या संत्रा-बागवाल्याचा पोरगा, शिपाई वैभव, मात्र माळकरी घरचा. मटण नाही, अंडं नाही. त्याचं हिमोग्लोबिन दहा निघालं. बेसवरच्या डॉक्टरसाहेबांनी लोहाच्या गोळ्या दिल्या. महिन्यानं पुन्हा तपासलं, तरी दहाच. त्यांनी आणखी एक महिना दिला. नाही वाढलं तर खाली बेसवर स्टोअर ड्यूटी. सेक्शन सोडायच्या नुसत्या विचारानं पोरगं रडकुंडीला आलं.

सेक्शन कमांडर नाईक गजानन अकोल्याचा. महिनाभर तो स्वतः समोर उभा राहून वैभवला गोळी खाऊ घालत होता. पाणी बर्फासारखं, म्हणून माझ्या कडक चहासोबत. हे मी रेडिओवर सहज सांगितलं, तर डॉक्टरसाहेब कडाडले. चहानं लोह अंगी लागत नाही. गोळी पाण्यासोबत, वर संत्रं नाहीतर लिंबू, आणि चहा दोन तासांनी. ओव्हर.

चहा माझा, हात गजाननचा. 

"म्हंजे उस्ताद, मीच त्याची गोळी वाया घालवून राहिलो होतो?" गजानन म्हणाला. "रिपोर्ट येईस्तोवर माया बी चहा बंद."

दिवसाला सहा मग पिणारा गडी हा! सगळी पोस्ट हसली, पण त्यानं शब्द पाळला. सकाळी लंगरभोवती चहाचा वास घेत घुटमळायचा, आणि मग निघून जायचा. मीही वैभवसाठी वेगळं पातेलं चढवलं. मोडाची मटकी, चणे, वरून लिंबू. रेशनमध्ये आठवड्याला माणशी एक संत्रं यायचं. गजानन आपलं वैभवला द्यायचा. बागवाल्याच्या पोराला अकोलेकर संत्रं चारतो, म्हणून पोरं दोघांनाही चिडवायची.

महिन्यानं, सकाळी अकराला, रेडिओ बोलला.

"हीमोग्लोबिन बारा पॉइंट आठ. जवान पोस्ट पे फिट. ओव्हर."

वैभवनं गजाननला उचलूनच घेतलं. त्याच्या खांद्यावरूनच गजानन ओरडला, "उस्ताद, चहा ठेवा!" सलग चार मग प्याला. इतका आनंदी दिवस मी नोकरीत दुसरा पाहिला नाही.

त्याच हिवाळ्यात गस्तीवर असताना हिमकडा कोसळला आणि गजानन गेला. वैभवनंच त्याला खांद्यावर घेऊन पोस्टपर्यंत आणलं. अंगात तेवढं बळ गजाननमुळेच आलं होतं.

आता मी अमरावतीत, राजापेठेत राहतो. संत्र्याच्या हंगामात वैभव पेटी घेऊन येतो आणि आम्ही अकोल्याला गजाननच्या आईकडे जातो. फोटोपुढे वैभव आधी संत्रं ठेवतो. आई चहाला उठली की तो घड्याळ दाखवतो, आणि ती हसून परत बसते. गजाननच्या गोष्टी करत आम्ही पुरे दोन तास बसतो. मग ती फोटोपुढे चहाचा मग ठेवते. कडक.