ठोकळ्यांच्या घराची जागल

मला सगळे पंच म्हणायचे. हसू नका. ठोकळ्यांची घरं बांधायचा एक ऑनलाइन गेम आहे, तो खेळणाऱ्या आमच्या वर्धा जिल्ह्यातल्या मंडळींचा स्वतःचा सर्व्हर होता. त्याचा मालक, म्हणजे मुख्य ॲडमिन, हिंगणघाटला कापसाच्या एका जिनिंगमध्ये नोकरीला. मी कारंज्यात औषधाच्या दुकानात. ॲडमिननं कुणाला बॅन करून बाहेर काढलं की तो खेळाडू शिव्या देत माझ्याकडं यायचा, आणि दोघांचं ऐकून निकाल मी लिहायचो. लिहायची भारी हौस मला. तलाठ्यानं बघत राहावं अशी भाषा वापरायचो.

सर्व्हरवर एक नियम होता. महिनाभर कुणी आलं नाही की त्याचा प्लॉट साफ. आता आमची माणसं शेतीवाली, सोयाबीन निघायच्या दिवसांत कोण बसतो मोबाइल धरून? वावरात जागल करतात ना, एक जण गावाला गेला की शेजारचा त्याच्याही पिकातली रानडुकरं हाकलतो, तशी जागल सर्व्हरवरही सुरू झाली. आपला पासवर्ड शेजारच्या प्लॉटवाल्याला द्यायचा, त्यानं आपल्या नावानं आत जाऊन हजेरी लावायची. मीही दोघा-तिघांची केली. पुढं एका नालायकानं असल्याच पासवर्डवर दुसऱ्याचं घर लुटलं, ॲडमिन भडकला आणि जागल बंद झाली. कागदावर. करायचे सगळेच.

त्याच सुमारास आष्टीकडच्या एका खेळाडूचं खातं बंद झालं. त्याची नदीकाठची जागा कुणाला तरी हवी होती, त्यानं चुगली केली की हे खातं तीन जण मिळून वापरतात. अपील करायला तो खेळाडू आला नाही. त्याची बहीण आली, एसटीनं, भर दुपारी, थेट दुकानात.

भाऊ पोलीस भरतीत तिसऱ्यांदा नापास झाला होता. बाप जेवताना नको ते बोलला, आणि भाऊ ताटावरून उठून गेला तो गेलाच. पाच महिने झाले होते. फोन बंद. पोलिसांत कळवून झालं, सगळे नातेवाईक पालथे घालून झाले. चार वर्षं खपून बांधलेलं ते गेममधलं घर बघायला तो एकदा तरी येईल, एवढीच आशा तिच्याजवळ उरली होती. म्हणून तिनं आपल्या खात्यावरून त्या घराच्या दारात पाटी लावली: दादा, बाबा रोज तुझी वाट पाहतात, घरी ये. आणि प्लॉट साफ होऊ नये म्हणून ती आणि शेजारचे दोघं आळीपाळीनं भावाच्या नावानं आत जात होते.

"मले काही नको, भाऊ," ती म्हणाली. "त्याले आत येता आलं पाहिजे, बस."

मी तिला पाणी दिलं, स्टुलावर बसवलं आणि सांगितलं, खरं काय ते सगळं लिहून दे, पुढचं मी बघतो. पासवर्ड त्यानं दिला नव्हता, घरात एका वहीत सापडला, हेही लिहू का, असं तिनं दोनदा विचारलं. माझ्या अंगात न्याय शिरलेला. म्हटलं, लिही, खऱ्याला कशाला भ्यायचं. ती बिचारी तिथंच, औषधाच्या पाकिटांमध्ये वही ठेवून लिहीत बसली.

ॲडमिननं नेमकं तेच धरलं. जागलीत निदान खातेदार आपणहून पासवर्ड देतो, हा तर न विचारता घेतला, उद्या कुणीही उठून सांगेल की भाऊ हरवलाय. मी फोनवर चाचरत राहिलो. अर्धा सर्व्हर जागल करतो, मीसुद्धा केली आहे, काढायचं तर आधी मला काढ, एवढं एक वाक्य बोलायचं होतं. नाही बोललो. पंचपद जाईल म्हणून! कसलं पद आणि कसलं काय, एका खेळातलं! मुकाट्यानं निकाल लिहिला. खातं कायमचं बंद, पाटी आणि घर तेवढं राहू द्यावं. तिला कळवलं, थोडे दिवस जाऊ दे, पुन्हा अर्ज करू.

पंधरवड्यानं दुकानात गिऱ्हाईक नव्हतं म्हणून सर्व्हरची नोंद चाळत होतो. कुणाकुणाला दारातून परत पाठवलं त्याची यादी त्यात येते. आदल्या दुपारी तिच्या भावाच्या खात्यानं दहा मिनिटांत तीनदा आत यायचा प्रयत्न केला होता. ठिकाण गुजरातकडचं दाखवत होतं. तिला फोन केला, मग त्या दोन शेजाऱ्यांना. तिघंही आपापल्या गावात, तिघांपैकी कुणीही नाही.

मग मात्र मी ॲडमिनला सगळं ओकलो, माझ्या जागलीसकट. त्यानं मिनिटभरात खातं उघडून दिलं. एक मिनिट लागलं हो त्याला.

त्यानंतर त्या खात्यावर कुणीही आलेलं नाही. आठवडाभर वाट पाहिली, मग मला राहवेना. बॅन झालेल्याला दारात काय दिसतं ते बघावं म्हणून मी ॲडमिनकडून स्वतःचं एक जुनं खातं बंद करवून घेतलं आणि त्यावरून शिरायला गेलो. बंदीच्या निकालात जे कारण लिहिलेलं असतं तेच जसंच्या तसं पडद्यावर आलं. म्हणजे तिच्या भावाला माझ्या निकालातलं वाक्य दिसलं होतं, ठळक अक्षरांत: खातेदाराच्या सख्ख्या बहिणीने दिलेल्या लेखी जबाबावरून प्रवेश कायमचा बंद करण्यात येत आहे. तीनदा वाचलं असेल त्यानं ते.

दुसऱ्या दिवशी तिचा फोन आला. गुजरात तर गुजरात, जिवंत आहे हे तरी कळलं म्हणून आई पाच महिन्यांत पहिल्यांदा पोटभर जेवली, असं सांगत होती. मग थांबून म्हणाली, "त्याले काय दिसलं असन, भाऊ?"

मी म्हणालो, काही नाही, नुसतं बंद दिसलं असेल. नेट गेल्यावर दिसतं तसं.

"मंग येईन तो पुन्हा," ती म्हणाली.

मी हो म्हणालो.