कळ उतरली तेव्हा

स्टिंग हे क्रियापद मी बरीच वर्षं अकरावीला शिकवतो आहे. जुन्या इंग्रजीत त्याचा अर्थ नुसता भोसकणं, टोकदार वस्तू आत खुपसणं एवढाच होता. पुढे तो मधमाशी-विंचवाच्या नांगीपुरता आकसला आणि मग पुन्हा पसरला. धुरानं डोळे झोंबणं, कुणाचं बोलणं जिव्हारी लागणं, सगळं त्यात आलं. हे सांगताना मला थोडी ऐट वाटायची.

परवा सकाळी सोयाबीनच्या ढिगावरची ताडपत्री ओढताना बायकोच्या बोटाला विंचू चावला. मी उमरखेडच्या दवाखान्यात न्यायला ऑटो बोलावला. आमच्याकडे विंचू चावला की एकच विचारतात, कळ कुठवर चढली. शेजारच्या काकू तिचा हात धरून बसल्या.

"कुठवर आली वं?"

"काखेत."

थोड्या वेळानं कोपरावर आली. मग मनगटावर.

"उतरून राह्यली," काकू म्हणाल्या. "सर, ऑटो कायले उभा ठेवला? तुमच्या इंग्रजीत उतरत नसन, आमच्यात उतरते."

बायकोही हसली. "जा तुम्ही कॉलेजात. आज पोरायले चांगलं समजावून सांगान."

मी ऑटो परत पाठवला. तिचं कपाळ घामानं थबथबलं होतं, तळवे गार लागत होते. ते मला दिसलं होतं. इतका वेळ कळ सोसली, आता अंग सैल पडलं, असं मी समजलो. मग तिला उलट्या सुरू झाल्या. दुसरा ऑटो येईपर्यंत ती मला ओळखेना.

"दुखणं कमी झालं म्हणून थांबलात?" डॉक्टरांनी विचारलं. "घाम, उलट्या, गार हातपाय. यावरून विंचवाचं विष ओळखायचं. विष हृदयावर जातं, ते कळेसोबत उतरत नाही."

तेव्हापासून मी आयसीयूबाहेरच्या या बाकावर आहे. स्टिंग या शब्दाच्या इतक्या अर्थांत विष कुठंच नव्हतं, सगळीकडे वेदनाच होती. पण शब्दावर ढकलून मला सुटता येत नाही. ऑटो मी परत पाठवला.

मघाशी आत सोडलं. ती डोळे मिटून होती, मशीन सुरू होतं. मी तिच्या पावलांना हात लावला. कोमट वाटली, पण माझ्या हाताची मला खात्री वाटेना. नर्सला म्हटलं, ताई, तुम्ही पाहा.

तिनं दोन्ही पावलं चाचपली. "अजून गारच आहेत सर. बाहेर बसा."