ओठाबाहेरचा रंग

“काढ म्हणजे काढ! त्या भिंतीवरनं आत्ताच्या आत्ता काढ.”

“आत्याबाई, चित्र हाय ते. खातंय व्हय कुणाला?” वर्षाराणी पलंगावरून हललीही नाही. सातवा महिना लागल्यापासून तिला उठबस नकोशी झाली होती. सासूला, धोंडुबाईला उलट बोलायचा धीर मात्र वाढला होता.

“पोटुशी बाई दिसभर जे बघती तसंच पोर होतंय. गोरंगोमटं बाळ बघ म्हणून कॅलेंडर आणून दिलं की तुला!”

“ते बाळ फुगवल्यावानी दिसतंय,” वर्षाराणी हसली. “ही पोरगी मला लहानपणापासनं आवडती.”

सत्त्याण्णवच्या त्या उन्हाळ्यात मलकापूरच्या माहेरून तिनं मुलांच्या जुन्या मासिकांचा गठ्ठा आणला होता. त्यातली चित्रं विचित्रच. चंद्राला म्हाताऱ्याच्या सुरकुत्या, हत्तीला लांब पापण्या, पोरांची डोकी भोपळ्याएवढी नि पाय काड्यांसारखे. छापताना रंग सरकलेले, पिवळा झग्याबाहेर, हिरवा झाडाशेजारी. वर्षाराणीला नेमकं तेच आवडायचं. भिंतीवर लावलेल्या पोरीच्या ओठांचा लाल रंग नाकाखाली चढला होता. वरचा ओठ मधोमध फाटल्यासारखा दिसे.

धोंडुबाई त्या खोलीत केर काढायची ती भिंतीकडे पाठ करून. तरी धार काढताना, भाकरी थापताना ते तोंड तिच्या डोळ्यांपुढं यायचं.

नेसरीहून लग्न होऊन ती कोल्हापूरला आली, म्हशींच्या मागं राबत या घरात मुरली. मुलगा विश्वजित याच्या आधी तिला एक मुलगी झाली होती, हे विश्वजितलाही ठाऊक नव्हतं. त्या पोरीचा ओठ नाकापर्यंत फाटलेला. तिला दूध ओढता यायचं नाही. कापसाच्या बोळ्यानं घालावं तर नाकातून परत यायचं. गल्लीतल्या बायका बाळंतिणीला भेटायच्या निमित्तानं पोरीचं तोंड बघून जायच्या. “गिरानात इळीवर भाजी चिरली हिनं. हिनंच फाडलं,” धोंडुबाईची सासू प्रत्येकीला ग्रहणातली ती चूक सांगायची. महिन्याभरात पोर गेली, तरी सासूचं सांगणं थांबलं नाही.

“आई, उगा काय भांडतीस?” विश्वजित दारात आला. “चित्र बघून कुणाचं पोर बिघडत असतंय व्हय?”

“माझं बिघडलं हुतं,” धोंडुबाई म्हणाली आणि खाली बघत सगळं बोलून गेली. अंगणात म्हशीची पेंड कालवणाऱ्या तिच्या नवऱ्याचा, आकारामचा हात घमेल्यातच राहिला.

वर्षाराणीचं हसू कुठल्या कुठं गेलं. दोन्ही हात पोटावर आले. “आत्याबाई,” ती म्हणाली, “तसंच झालं तर?”

विश्वजित चित्र ओढून काढायला पुढं झाला. तिकडं कुणी बघितलं नाही. धोंडुबाईला सुनेचा पांढराफटक चेहरा दिसला. ती उंबऱ्यावर जाऊन उभी राहिली, आत-बाहेर सगळ्यांना ऐकू जाईल अशी.

“ऐका. दवाखान्यात पोराचं तोंड आदी मी बघणार. कसंबी असू दे, हिला कुणी एक शब्द बोलायचा न्हाय. जो बोलंल त्यानं ह्या घरात जेवायचं न्हाय.”