वनाची बिडी आणि दुपारचा वारा

वना पहाटे चारला उठायचा. उन्हाळ्यात आमच्या कामाला दुसरी वेळच नव्हती. चोपड्याच्या बाजूला एप्रिलमध्ये अकरा वाजले की लोखंडी पाइपाला हात लागत नाही. हातमोजे घातले तरी चटका आत येतो. म्हणून उजाडताच शिडी लावायची आणि ऊन चढलं की उतरायचं. वना पाइप जोडायचा, मी वेल्डिंग करायचो. पाइपांच्या सांगाड्यावर प्लॅस्टिक ताणून केलेली रोपांची घरं, म्हणजे पॉलिहाऊस, आम्ही दोघांनी जळगाव-धुळ्याकडे बरीच उभी केली.

वना बुटका, वाळका माणूस. शाळेत फार गेला नाही, पण प्रश्न विचारायला कधी लाजला नाही. नकाशात बाण दिसला की तो कशाचा, हे कळल्याशिवाय पाना हातात घेत नसे. ठेकेदार चिडायचा. विचारायला कुठं घाम लागतो, असं वनाचं उत्तर असायचं.

त्याची एक रीत होती. काम संपलं की घर मालकाच्या ताब्यात देण्याआधी तो मधोमध उकिडवा बसून बिडी पेटवायचा. ओढायचा कमी, धुराकडे पाहायचा जास्त. या घरांच्या माथ्याशी एका अंगाला लांब फट ठेवतात, गरम हवा निघून जायला. बिडीचा धूर त्या फटीतून बाहेर गेला की वना उठायचा, पँट झटकायचा आणि सांगायचा, घर चालू आहे.

सुलक्षणाताईंच्या नर्सरीतही धूर गेला होता. पण पंधरवड्यात त्यांचा फोन आला. मिरचीची रोपं दुपारी माना टाकत होती. वनानं विचारलं, बाजूचे पडदे दुपारी उघडे असतात का? असतात, त्या म्हणाल्या. त्यानं लगेच लावायला सांगितले. आमच्याकडे घर तसंच ठेवतात. दहा वाजले की दारं-खिडक्या लावायच्या, झळ आत येऊ द्यायची नाही. ताईंनाही ते पटलं. त्यांच्या घरीही तेच चालायचं.

दुसऱ्या दिवशी उरलेली रोपं वाफवलेल्या भाजीसारखी झाली.

ताईंनी पुन्हा बी टाकलं. आजूबाजूच्या शेतकऱ्यांनी त्यांच्याकडे रोपं सांगून ठेवली होती. ही खेपही गेली तर ते दुसरीकडे जाणार, आणि पहिल्याच वर्षी नाव गेलं तर नर्सरी बंद करावी लागेल, हे त्यांनी वनाला शांतपणे सांगितलं. रागावल्या असत्या तर त्याला बरं वाटलं असतं.

तो मला म्हणाला, "दुपारी जाऊ."

मी म्हटलं, दुपारी कोण जातं?

"रोपं दुपारी मरतात. सकाळी जाऊन काय दखू?"

घराचा नकाशा देणाऱ्या कंपनीचा इंजिनिअर राजदीप मोटारसायकलवरून आला. आम्ही सगळे दोन वाजता आत शिरलो आणि श्वास अडला. ताईंनी टांगलेला तापमापक बाहेरच्यापेक्षा आत जास्त दाखवत होता. बिडीचा धूर पुरेना, म्हणून ताईंनी घमेल्यात गोवरी पेटवून आणली. धूर वर गेला, फटीपाशी जरा थांबला, आणि वळून खाली रोपांच्या ट्रेंवर उतरला.

वना मान वर करून बघत राहिला. मग म्हणाला, "धूर मांगे ई राहिना." धूर बाहेर न जाता मागे येत होता.

आम्ही बाहेर आलो. पश्चिमेचा वारा सुटला होता, आणि फटीचं तोंड पश्चिमेलाच होतं. वारा सरळ आत घुसून गरम हवा खाली दाबत होता. सकाळी वारा पडलेला असायचा, तेव्हा धूर आपोआप निघायचा. राजदीपनं लपवाछपवी केली नाही. नकाशा थंड भागातल्या घरांचा होता. तो स्वतःही साइटवर सकाळीच यायचा, दुपारी ऑफिसात असायचा.

"म्हणजे साहेब, आपण सगळ्यांनी हिला सकाळीच पाहिलं," वना म्हणाला. "मुलगी पाहायला गेल्यासारखं. तेव्हा सगळेच गोड बोलतात."

राजदीप हसला. वनाचा प्रश्न मात्र संपला नव्हता. झळ बाहेर असताना पडदे लावून आत जास्त का तापलं? राजदीपनं सांगितलं, मातीची भिंत ऊन बाहेर अडवते; प्लॅस्टिक ऊन आत घेतं आणि त्याची उष्णता आतच राहते. बाहेरची झळसुद्धा त्यापेक्षा बरी. वनानं प्लॅस्टिकला हात लावून पाहिला, मग खाली मातीला.

"म्हणजे मी तव्यावर झाकण ठेवलं," तो म्हणाला.

राजदीपचं म्हणणं होतं, फट पूर्वेला हवी. माथ्यावरून जाणारा वारा मागच्या अंगानं गरम हवा ओढून नेईल. वनाला हे डोळ्यांनी पाहायचं होतं. त्यानं हातांना ओली फडकी गुंडाळली आणि त्या उन्हात शिडी चढला. मी शिडी धरली. त्यानं पश्चिमेची फट गोणपाटानं बुजवली, पूर्वेकडचं थोडं प्लॅस्टिक सोडवलं. खाली ताईंनी पडदे गुंडाळून गोवरी फुंकली. धूर आधी रेंगाळला. मग तिरका झाला आणि पूर्वेच्या अंगानं निघून गेला. ताई तोंडावर पदर धरून वर बघत राहिल्या.

राजदीपनं ऑफिसकडून मंजुरी आणली आणि खरं काम सुरू झालं. बायकांनी ट्रे उचलून निंबाखाली नेले, भोवती ओली गोणपाटं लावली. आम्ही माथ्याच्या कमानी उतरवल्या. वाकवलेला पाइप उलट वाकवायला नव्या पाइपापेक्षा जास्त जोर लागतो, आणि घाई केली की तो चिरतो. एक चिरला. वनानं तो बाजूला ठेवला. वेल्डिंगचा डाग देऊन वापरू दिला नाही. सकाळी काम, दुपारी धूर, असं चाललं. शेवटच्या दिवशी बिडी त्यानं दुपारीच पेटवली.

ट्रे परत आत आले. भर दुपारी रोपं ताठ उभी राहिली. पुढे शेतकऱ्यांचे टेम्पो लागले, तेव्हा ताईंनी वनाला विचारलं, "नाना, आता पडदे कधी लावू?"

"मला विचारू नको. गोवरी पेटव."

त्या कामाच्या मजुरीतून वनानं घरी कूलर घेतला. पत्र्याखाली राहून झुंबरबाईंनी, म्हणजे त्याच्या बायकोनं, तो किती उन्हाळे मागितला होता. मी बघायला गेलो. कूलर खिडकीत बसला होता, बाकी दारं-खिडक्या लावलेल्या, खोलीत ओलसर कोंडलेलं. आणि वना समोरच्या भिंतीला उंचावर छिन्नीनं भोक पाडत होता.

"गार हवाना पैसा दिधात, आन ती बाहेर सोडी राहिनात?" झुंबरबाई मला ऐकू जाईल अशा बेतानं म्हणाल्या.

वना खाली उतरला. कूलरपुढे बसून त्यानं बिडी पेटवली. धूर खोलीभर आडवा गेला आणि भोकातून बाहेर पडला. झुंबरबाईंनी तो जाईपर्यंत पाहिला. मग आपली खाट कूलर आणि भोक यांच्या मधोमध ओढली.