दोर मोठ्या आप्पांच्या हातात

आमचे हे विहिरी खोदणारे. नाव मष्णू; घेतलं बघा एकदाचं. खोदणारे म्हणजे होते. सात वर्षं झाली, विहिरीच्या काठाला फिरकत न्हाईत. रताळ्याच्या शेतात मजुरीला जातात, येतात, जेवतात, झोपतात. घरात बोलायचं काम माझं एकटीचं.

सात वर्षांमागं ह्यांचा धाकटा भाऊ भावकू विहिरीत गेला. गाळ काढायला उतरलेला, कमरेला दोर, दोराचं टोक वर ह्यांच्या हातात. बाजूची माती ढासळली आणि दोर वर आला तो रिकामा, तुटका. त्या दिवशी तिथं पंप बसवायला सांगलीकडचा एक माणूस आलता. तो पोलिसांना म्हणाला, "आतून 'कट, कट' असं ओरडलेलं ऐकलं." झालं! गावानं अर्थ लावला. माती येताना बघून भावकूनं सांगितलं, दोर कट कर, न्हायतर तूबी आत येशील. आणि ह्यांनी कापला. भांडून भांडून माझा घसा बसला. अरे, दोर तुटलाय, कापला न्हाय! पण ऐकतंय कोण? आणि हे म्हणायचे, "भाऊ गेला मंगल, आता दोराचं काय सांगत बसू?" एवढंच.

भावकूची बायको मालुबाई, माझी जाऊ. एकच अंगण, दोन चुली. त्या दिवसापासून ह्यांच्याशी एक शब्द बोलली न्हाय. पोराला, आदर्शला, मात्र सांगायची, "तुझ्या बानं भावासाठी जीव दिला रं." त्या एका गोष्टीच्या आधारानं ती उभी होती. मला संताप यायचा, पण तिच्या मोकळ्या कपाळाकडं बघितलं की गिळून टाकावा लागायचा.

आणि यंदा हे पिक्चरचं खूळ निघालं. आदर्श आता बेळगावात कारखान्यात कामाला हाय. त्याचा निपाणीचा दोस्त गोमटेश पिक्चर काढतो. एकाच जागेत अडकलेल्या माणसांचे पिक्चर त्याला लई आवडतात. मोबाईलवर मलापण दाखवले. एक बाई लिफ्टमधी, एकजण बर्फातल्या झोपडीत. दोन तास त्याच चार भिंती! मी म्हटलं, "असलं पैसे देऊन कोण बघणार बाबा?"

तो हसला. "काकी, जागा बदलत न्हाय, म्हणून आपण माणसाकडंच बघत राहतो."

असेल बाई. त्याला काढायचा होता विहिरीत अडकलेल्या माणसाचा पिक्चर. आणि आत उतरणार कोण? तर आदर्श!

मालुबाईनं अंगण डोक्यावर घेतलं. पोरगं ऐकेना. म्हणालं, "आई, माझ्या बाला आतनं काय दिसत होतं ते मला एकदा बघायचंय. आणि दोर मोठ्या आप्पांच्या हातात असंल तरच उतरणार."

"त्या माणसाच्या हातात? माझं पोर?" मालुबाई ओरडली. "मेले तरी न्हाय!"

मोठे आप्पा म्हंजे आमचेच हे. उंबऱ्यात बसून सगळं ऐकत होते. उठले आणि माळ्यावरचा दोर काढून हातानं चाचपायला लागले. ह्यांना वेड लागलं की काय, असं वाटलं मला.

शेवटी पोरानं आपलंच खरं केलं. शूटिंग त्या विहिरीत न्हाय, दुसऱ्या मळ्यातल्या एका कोरड्या विहिरीत होतं. गोमटेशनं शहरातनं पट्टे, कप्पी सगळं आणलेलं. ह्यांनी ते ओढून बघितलं, शिवाय आपलाही दोर आदर्शच्या कमरेला बांधला आणि टोक हातात धरलं. मालुबाईला घरात बसवंना. ती आली आणि ह्यांच्या मागंच बसली, नजर ह्यांच्या हातांवर.

आदर्श अर्ध्या विहिरीपर्यंत उतरला आणि ओरडायला लागला, "कोण हाय का वर? मला वर घ्या!" नाटकच ते, पण अंगावर काटा आला. गोमटेश काठावर पालथा पडून कॅमेऱ्यात बघत होता. काम मनासारखं झालं तसा तो ओरडला, "कट!"

सगळे सैल झाले. कुणी पाण्याची बाटली उघडली. आणि आमचे हे उसळलेच! काठाच्या दगडी खांबाला दोराचे वेढे गपागप घातले, टाचा मातीत रोवल्या, मागं रेलले आणि ओरडले, "बांधलं रं भावकू! बांधलं! सोडत न्हाय!"

कुणीच हसलं न्हाय. खालनं आदर्श म्हणाला, "आप्पा, मी आदर्श हाय." आम्ही सगळ्यांनी मिळून त्याला वर घेतलं, तरी ह्यांच्या मुठी सुटत न्हवत्या.

मालुबाई उठून पुढं आली. "भावजी," ती म्हणाली. सात वर्षांनी ही हाक! "हा कट म्हणाला, आणि तुमी बांधलासा?"

"कट्ट म्हंजे बांधच की," हे म्हणाले. "आम्हांला खोदाई शिकवणारा मेस्त्री बैलहोंगलचा, कानडी माणूस. विहिरीतली हाक सगळी कानडीत. सोड म्हंजे बिडु, बांध म्हंजे कट्ट. भावकू तेच ओरडत होता. बांधलं मी. दगडाच्या धारेवर दोर घासला आणि तुटला."

अगं बाई! एवढं कानडी तर आम्हांलाही येतंय. बाजारात रोज बोलतोय. पण पंपवाल्याला कानडीचा गंध न्हाय, त्याच्या तोंडून इंग्रजी कट ऐकलं आणि कुणाच्याच टाळक्यात शिरलं न्हाय.

मला वाटलं, आता मालुबाई ह्यांचे पाय धरणार. सुटला माझा नवरा! पण ती विहिरीकडं बघत उभी राहिली. तोंड पांढरंफटक.

"म्हंजे त्यांनी सोडा म्हटलं न्हाय."

"न्हाय."

"त्यास्नी वर यायचं होतं."

ह्यांनी हातातला दोर खाली ठेवला. मग म्हणाले, "व्हय गं पोरी. लई यायचं होतं."

मालुबाई मटकन खाली बसली आणि गळा काढून रडायला लागली. भावकूला उचलून नेलं त्या दिवशीसुद्धा ती अशी रडली न्हवती.