डिकीतला डग्गा

गाडीची डिकी उघडली की तो आधी मोजपट्टी काढत नसे. कमरेत वाकून डोकं आत घालायचा आणि खर्जातला एक लांब 'हंऽऽ' काढायचा. मग बाहेर येऊन, एक्स-रे पाहिलेल्या डॉक्टरासारखा मालकाकडे बघायचा. "हवेला जागा द्या ना, सर. स्पीकर काय करीन बिचारा, गाणं हवा म्हणते."

सिल्वासात ज्यांनी गाडीत म्युझिक सिस्टीम बसवून घेतली, त्यांनी अथालच्या रस्त्यावरचा हा माणूस पाहिलाच असेल. मूळचा नंदुरबारकडचा. इथे फर्निचरच्या कारखान्यात सुतार म्हणून आला, ते काम सुटलं तेव्हा सबवूफरचे बॉक्स बनवायला लागला. सबवूफर म्हणजे तो जाडा स्पीकर, ज्याने मागची काच थरथरते. गिऱ्हाइकं सगळी कंपनीतली पोरं, गरब्यापासून भोजपुरीपर्यंत काहीही दणाणून ऐकणारी. त्यांत मी एकटाच मराठी शाळेतला मास्तर, पन्नाशीचा, शिवाय कोकणातला. मला काचा थरथरवायच्या नव्हत्या, तबल्याचा डग्गा तेवढा नीट ऐकायचा होता. हे कळल्यावर गड्याने चहाच मागवला. "पहिला माणूस भेटला सर, ज्याला आवाज नाही, घुमारा पाहिजे!"

त्याची मुलगी माझ्याच वर्गात बारावीला आहे, हे त्या चहावर कळलं. मग काय, आमचं जमलंच.

त्याचं काम बघत बसावं असं होतं. बॉक्सला एक भोक ठेवायचं, त्यात पाइप बसवायचा. त्यातून हवा ये-जा करते आणि घुमारा येतो. वाकड्यातिकड्या डिकीत बसणारं खोकं किती लिटरचं, हे तो त्यात प्लॅस्टिकचा दाणा ओतून, बादलीच्या मापाने मोजायचा. दाणा इथे कारखान्यांच्या झाडलोटीतही मिळतो. पाइप मात्र मुद्दाम लांब ठेवायचा आणि ऐकत ऐकत बोट बोट कापायचा. "कापेल जोडता येत नाही ना, सर."

माझी गाडी लहान, डिकी त्याहून लहान. पहिल्या बॉक्समध्ये डग्गा नुसता डब्ब वाजला. त्याला आणखी दहा लिटर जागा हवी होती आणि ती नव्हती. मी म्हटलं, "खाली स्टेपनीचा खड्डा आहे की! ते चाक मी घरी ठेवतो."

त्याने मोजपट्टी खिशात घातली. "स्टेपनीच्या जागेला मी हात लावत नाही, सर." याच गोष्टीवरून त्याने कितीतरी पोरांना दुकानातून परत पाठवलं होतं.

"अरे, घर ते शाळा, शाळा ते बाजार. फार तर वासोण्यापर्यंत. मी काय हिमालयात चाललोय?"

तीनदा नाही म्हणाला. चौथ्या वेळी मी मास्तर झालो, वर्गातला आवाज लावला. "माझ्या शब्दावर विश्वास नाही का तुझा?" पोरीच्या सरांना तो बिचारा काय बोलणार? त्याला बोलता येणार नाही हे मला ठाऊक होतं आणि म्हणूनच मी तसं बोललो. आज लाज वाटते.

बॉक्स असा झाला की विचारू नका! पहिल्यांदा डग्गा घुमला तेव्हा गाडीत बसल्या बसल्या माझ्या डोळ्यांत पाणी आलं, खोटं कशाला सांगू? तो बाहेर उभा राहून अंगावरचा भुसा झटकत होता. हसला नाही.

मुलगी हुशार होती. तिला नर्स व्हायचं होतं. गावाकडे त्याच्या थोरल्या भावाने तिच्यासाठी स्थळ बघून ठेवलेलं. यानेच हातापाया पडून एक संधी मागून घेतली होती: प्रवेश परीक्षा पास झाली तर शिकेल, नाहीतर लग्न. परीक्षेचं केंद्र वलसाडला, रविवारी सकाळी. पहाटेच्या बसने जाऊ, असं बापलेकीचं ठरलेलं. मी मध्ये पडलो. "बस कशाला? मी आहे ना! तासाभरात सोडतो. पोरगी जरा झोपेल तरी."

अथालच्या पुढे टायर फुटला.

तिघंही उतरलो. त्याने सवयीने डिकी उघडली. आत त्याचाच बॉक्स, घट्ट स्क्रू मारलेला. चाक माझ्या गॅलरीत. त्याने डिकी लावली. भरधाव गाड्यांना हात करत रस्त्याच्या मधोमध धावत राहिला. रविवारची सकाळ, रिक्षा नाही, आलेली बस खच्चून भरलेली, थांबलीच नाही. मुलगी हॉलतिकीट छातीशी धरून उभी. शेवटी एका टेम्पोवाल्याने दोघांना घेतलं. पुढे कसेबसे पोचले, पण वीस मिनिटं उशिरा. गेट बंद. पोरगी गेटबाहेर बसून रडली म्हणे. मी तोवर तीन चाकांच्या गाडीपाशी उभा होतो.

महिन्याभराने तो शाळेत आला, इस्त्रीचा शर्ट घालून. "दाखला पाहिजे होता, सर. लग्नाला वयाचा पुरावा लागतो."

"पुढच्या वर्षी पुन्हा बसवू तिला. मी बोलतो तुझ्या भावाशी."

"भाऊला शब्द दिलता, सर. एकच वेळ म्हटलं होतं."

"चूक माझी आहे रे."

"नाही, सर. तुम्हाला गाड्यांतलं काय माहीत? मला माहीत होतं. मी नाही म्हणायला पाहिजे होतं."

मी दाखल्याचा कागद पुढे ओढला. वर्गशिक्षक म्हणून दाखला मलाच भरायचा होता. नाव, जन्मतारीख, वर्तणूक: उत्तम. 'शाळा सोडण्याचे कारण' या रकान्यापाशी पेन थांबलं. "इथे काय लिहू?"

"तुम्हीच लिहा, सर. तुम्ही शिकेल माणूस."

मी 'पालकांच्या विनंतीवरून' असं लिहिलं.

लग्नासाठी गावी गेला तो परत आलाच नाही. त्याच्या दुकानात आता कोणी सीटकव्हर विकतो. म्हणजे त्या दिवशी शाळेत पाहिला तो शेवटचा. दाखला त्याने दोनदा वाचला, घडी करून खिशात ठेवला. दाराशी जाऊन परत फिरला, खाली वाकला आणि मुलीच्या सरांच्या पाया पडला. मी पाय मागे घेतले नाहीत.