बदामाच्या सालीखालची काळी भुकटी

सौदीतल्या हाइलजवळच्या त्या बागेत मी झाडांचा रोग तपासायला गेले तेव्हा चाचा बदामाच्या झाडाला शेणमाती थापत होते. रत्नागिरीकडचे, बागेचे माळी. ही सगळी झाडं रोपं होती तेव्हापासून त्यांनीच वाढवलेली. छाटलेल्या फांदीच्या तोंडाला बागेतल्याच ओल्या मातीचा लेप आणि वर भिजवलेलं गोणपाट. गावी आंब्या-काजूला असंच करतात. मी चाकूनं साल उचलली. खाली काळी भुकटी, बोटाला काजळीसारखी लागली.

"अहो चाचा, हे काय करून ठेवलंत!" जिभेला हाड नाही माझ्या.

"जखम आहे ताई, उन्हात उघडी कशी ठेवू?"

मालकाला एवढंच हवं होतं की बुरशी कोणती ते सांगा. बदामावर अशा दोन काळ्या बुरश्या येतात, दिसायला सख्ख्या बहिणी. एक असली तर फांदी छाटून भागतं. दुसरी असली तर झाड मुळासकट काढून जाळायचं. ही दुसरी मातीत राहते आणि झाडाच्या जखमेतून आत शिरते. 'पहिलीच निघू दे बाई,' असं घोकत मी लॅबमध्ये सालीचे तुकडे बुरशी वाढवायला थाळीत लावले. आधी पांढरा कापूस धरला, मग राखाडी, मग काळंकुट्ट. मायक्रोस्कोपखाली माळ तुटून मणी सांडावेत तसे बीजाणू, म्हणजे दुसरीच. आपलंच काहीतरी चुकलं असेल म्हणून नव्या थाळ्या लावल्या. कसलं चुकतंय! डीएनएचा रिपोर्टही तेच म्हणाला. एरवी बुरशीचं नाव पक्कं झालं की मी खूश होऊन चहा मागवते. त्या दिवशी मला रडू आलं.

म्हातारा मालक "खलास" म्हणाला. लेप प्रत्येक झाडाला होता, म्हणजे सगळी बाग जाळायची. चाचांना त्यानं एका शब्दानं बोल लावला नाही. पण झाडंच नाहीत तर माळी कशाला? चाचांनी आता कायमचं घरी जायचं, असं ठरलं.

"माझ्या मातीनं झालं?" चाचांनी मला विचारलं.

"बुरशी मातीतच होती चाचा. लेपातून जखमेत गेली."

ते खोडाला टेकून खालीच बसले. मला त्यांच्याकडे बघवेना. मग त्यांनी गावी बायकोला व्हिडिओ कॉल लावला. "बाग गेली गं," एवढंच म्हणाले.

"म्हणजे आता कायमचे येताय?" तिकडून आवाज एकदम चढला. "अगो सूनबाय, ऐकलंस का? हे येतायत!" ती हसत होती, मधेच रडत होती. आयुष्य वाट बघण्यात गेलेलं तिचं.

"हो, येतोय," चाचा म्हणाले. पण डोळे वाहायला लागले, आणि ते तिला दिसू नयेत म्हणून त्यांनी फोन पटकन झाडाकडे फिरवला. वरची एक फांदी अजून फुललेली होती.

"या अल्ला, काय देखणं झाड हो!" ती म्हणाली. "येताना ह्याचं एक रोप आणा."